पहिला रुपया कुठे घालायचा, ते हजेरीपट सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी, पट 412. ज्येष्ठतेनुसार 1 जूनला एका सरांकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार आला. शिपाई एकच, लिपिकाची जागा रिकामी. वेतनेतर अनुदान कधी आणि किती येईल, भरवसा नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी टिकत नाही, आणि संस्थेला सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर कमान उभारायची आहे. सर विचारतात, "दिवस कुठे जातो कळत नाही आणि पैसा तर नाहीच. सुरुवात कुठून करू?"

सर, नमस्कार.

मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापिका होते, दांडेकर पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका अनुदानित शाळेत. तुमचं पत्र वाचताना माझा पहिला जून आठवला. खुर्चीत बसले आणि टेबलावर तीन बिलं, दोन अर्ज आणि गळक्या नळाची तक्रार होती. किल्ल्यांचा जुडगा हातात, पण त्यातली कुठली किल्ली कुठली, ते सांगणारे मामा त्याच महिन्यात निवृत्त झाले होते.

पैसा येतो कुठून ते आधी सांगते, कारण संस्थेतल्या आणि पालकांतल्या बऱ्याच जणांना वाटतं की 'अनुदानित' म्हणजे सरकार सगळं देतं. सरकार पगार देतं. खडू, झाडू, वीज, पाणी, दुरुस्ती, छपाई हे सगळं वेतनेतर अनुदानातून भागवायचं. ते अनुदान 2004 पासून कित्येक वर्षं बंदच होतं. 2013 मध्ये पुन्हा सुरू झालं ते पाच टक्क्यांच्या मर्यादेत, आणि तेही पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर. पगार सातव्या आयोगाचा, बाजारभाव आजचा, अनुदानाचा हिशेब मात्र त्या जुन्या आकड्यावर. महापालिकेच्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, 251 ते 1000 पटाला वर्षाला 75,000 रुपये. आपल्यासारख्या खासगी अनुदानित शाळेला ते नाही. आठवीपर्यंत फी घेता येत नाही, ते योग्यच आहे. नववी-दहावीची सत्र फी एवढीशी, आणि तीही ठरलेल्या बाबींवरच खर्च करायची. तेव्हा हातातली रक्कम तुटपुंजी आहे, आणि ती तुमच्या चुकीमुळे नाही. हे एकदा मनाशी पक्कं करा, कारण नवा मुख्याध्यापक पहिलं वर्ष स्वतःलाच दोष देण्यात घालवतो.

आता सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर एकच आहे: ज्या गोष्टीच्या अभावी मूल घरी राहतं, तिथे पहिला रुपया घाला. आणि ती गोष्ट कोणती, हे कार्यालयात बसून कळत नाही, हजेरीपट उघडल्यावर कळतं.

हे मी शिकले ते असं. मुख्याध्यापिका झाल्यावर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी आठवी ते दहावीचे हजेरीपट घरी नेले. कारण वेगळंच होतं, वार्षिक माहितीसाठी सरासरी काढायची होती. बेरीज करताना बोट एका रकान्यावर अडकलं. मुलींच्या नावांपुढे शुक्रवारी गैरहजेरीची खूण जास्त होती. एका वर्गात नाही, तिन्ही वर्गांत. मला वाटलं शुक्रवारचा उपास असेल, घरी काही काम असेल. वर्गशिक्षिकांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. शेवटी नववीतल्या एका मुलीला मधल्या सुट्टीत जवळ बसवलं. बराच वेळ ती चप्पलच्या अंगठ्याशी खेळत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी वरती पाणी नसतं."

पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबानं. आमची गच्चीवरची टाकी गुरुवारी दुपारीच खडखडीत व्हायची आणि शुक्रवारी दहापर्यंत पाणी वर चढायचं नाही. शिक्षक खोलीच्या बाजूचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, तिथे बादलीनं भागायचं, म्हणून आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. मुली मात्र पाणी पीतच नव्हत्या, नाहीतर येतच नव्हत्या. मी त्याच इमारतीत वर्षानुवर्षं शिकवत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. ती गोष्ट मला आजही लागते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मंडप न घालता ते आवारातच, दिवसाउजेडी करायचं ठरवलं. सत्र फीचा पैसा टाकीकडे वळवता येत नाही, म्हणून मंडपाचे पैसे देणार असलेल्या माजी विद्यार्थ्याला मी खरं ते सांगितलं. त्यानं तेच पैसे टाकीला दिले. 1000 लिटरची दुसरी टाकी, पाइप, कॉक आणि प्लंबरची मजुरी मिळून साडेअकरा हजार रुपये लागले. रविवार पेठेतून दारांना नवीन कड्या आणल्या, कारण तीनपैकी दोन दारं आतून लागत नव्हती आणि मुली एकमेकींना बाहेर उभ्या करत होत्या. कड्यांचा खर्च चारशे रुपयांच्याही आत होता. चारशे रुपयांच्या कडीसाठी मुलगी शाळा बुडवते, आणि आपण वर्षानुवर्षं पटनोंदणीच्या फेऱ्या काढतो!

पॅड टाकायची सोय हाही त्यातलाच भाग. आधी ते तिथेच टाकले जायचे आणि लाइन तुंबायची. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा वेचणाऱ्या ताई आमच्या गल्लीत यायच्या. त्यांनीच मुलींना दाखवलं, कागदात नीट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला घाण लागत नाही. जुनी वर्तमानपत्रं शाळेत ढिगानं असतात. झाकणाची बादली, कागदाचे तुकडे आणि दोरीला बांधलेला लाल स्केचपेन. यंत्र घ्यायची गरज पडली नाही.

म्हणून सर, पहिलं काम हे करा: जून-जुलैचे सगळे हजेरीपट एका टेबलावर मांडा आणि उभं वाचा. आपण नेहमी आडवं वाचतो, एका मुलाची महिन्याची हजेरी. उभं वाचलं की वार दिसतात, तारखा दिसतात. पगाराच्या आधीच्या आठवड्यात कोण येत नाही, पावसाच्या दिवशी कुठल्या वस्तीतली मुलं येत नाहीत, पीटीच्या दिवशी कोण दांडी मारतं. पीटीच्या दिवशी न येणाऱ्यांकडे बहुधा पांढरे बूट नसतात. आमच्याकडे सहा मुलांचं हेच कारण निघालं. त्या वर्षापासून पीटीला चप्पल, सँडल, अनवाणी काहीही चालेल असं सांगितलं. एक पैसा लागला नाही.

आता दिवसाबद्दल. तुमचा दिवस कुठे जातो ते मला माहीत आहे. सकाळी पावणेसातला शिपाईमामांचा फोन येतो, "आज जमणार नाही." फाटक तुम्हीच उघडता. दोन शिक्षक रजेवर, एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला, त्यांचे तास बसवता. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश, अमुक माहिती 'आजच्या आज, दुपारी बारापर्यंत, अत्यंत तातडीचे'. तेवढ्यात दारात आजोबा उभे, 1978 सालचा दाखला हवाय, नातवाच्या जातपडताळणीसाठी. आहार आलेला असतो, मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंद करायची असते. बारा वाजतात आणि तुम्ही एकाही वर्गात गेलेले नसता.

पहिली चाळीस मिनिटं कार्यालयात बसू नका. परिपाठापासून पहिला तास संपेपर्यंत व्हरांड्यात राहा. फोन टेबलावर ठेवा. उशिरा कोण येतं, कुणाचा चेहरा उतरलाय, कुठल्या वर्गात पंखा बंद आहे, नळ कुठे वाहतोय, हे सगळं त्या चाळीस मिनिटांत दिसतं. दहावीतला एक मुलगा सलग चार दिवस पहिल्या तासाला डुलक्या घेताना मला खिडकीतून दिसला. पहाटे साडेतीनला तो मंडईत हमालाबरोबर जात होता, वडिलांचा हात मोडला म्हणून. कार्यालयात असते तर मला तो फक्त चाचणीतल्या कमी गुणांच्या यादीत भेटला असता.

माहितीसाठी एक जाड वही करा. बहुतेक माहिती त्याच त्याच आकड्यांची फिरून फिरून मागितली जाते: इयत्तावार पट, मुलं-मुली, प्रवर्ग, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, नळ, संगणक, आधारची स्थिती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती वही अद्ययावत केली की तातडीच्या संदेशाला दहा मिनिटं लागतात. आणि माहिती दिवसातून दोनदाच पाठवा, साडेदहाला आणि तीनला. माझ्या बारा वर्षांत या कारणानं आभाळ कोसळलं नाही.

त्या वहीत आधारची पानं सगळ्यांत महत्त्वाची. संच मान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं हे ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार वैध नसलेलं मूल त्यात मोजलं जात नाही. मूल वर्गात बसलेलं असतं, आपण त्याला शिकवतो, पण नावातल्या एका वेलांटीमुळे ते कागदावर नसतं. अशी दहा-बारा मुलं झाली की एक पद जातं, शिक्षक अतिरिक्त होतो, आणि ती जागा पुन्हा मिळवायला किती वर्षं लागतात ते 2012 नंतर भरती थांबली तेव्हा आपण सगळ्यांनी भोगलंय. जुलैमध्ये यादी काढा, वर्गशिक्षकांना नावं वाटून द्या. ज्यांच्या पालकांना आधार केंद्रावर जायला मजुरी बुडवावी लागेल, त्या मुलांसाठी शाळेतच शिबिर मिळतं का बघा. आपल्या शाळांत सगळ्यांत महाग गोष्ट शिक्षक आहे, आणि ती वाचवायला इथे पैसा लागत नाही, फक्त वेळेवर बसावं लागतं.

खर्च वाचवण्याच्या बाबतीत मी फार उपाय सांगणार नाही, दोनच सांगते. पहिला, वीजबिल हातात घेऊन दरवर्ग वाचा. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात शाळा आणि दवाखान्यांसाठी 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग आहे. आमची जोडणी जुनी, तिच्यावर 'वाणिज्यिक' असंच राहिलं होतं आणि आमच्यापैकी कुणी अर्जच केला नव्हता. पंखे एकदम बदलू नका, तेवढे पैसे नसतात. पण जळालेला पंखा पुन्हा वाइंडिंग करून घेण्याऐवजी तपकीर गल्लीतून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा घ्या. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा 30 वॅट. तीस पंखे, रोजचे सहा तास आणि 220 दिवस धरले तर वर्षाला जवळपास 1,780 युनिट वाचतात. आम्हाला तीसचे तीस बदलायला पाच वर्षं लागली.

दुसरा, बाकं. मोडकं बाक म्हणजे बहुधा मोडकी फळी असते, लोखंडी सांगाडा धड असतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून फळ्या आणा, सुतार लावा. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या पालकांत सुतार असतात, रंगारी असतात, प्लंबर असतात, आणि समितीत कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्याकडून श्रमदान करून घेऊ." मी ते करू दिलं नाही. जो पालक रोजंदारीवर आहे त्याचा एक दिवस फुकट घेणं म्हणजे शाळेतल्या सगळ्यांत गरीब माणसाकडून सगळ्यांत मोठी देणगी घेणं. त्याला काम द्या, बाजारभावानं मजुरी द्या, पावती घ्या. तो माणूस पुढची दहा वर्षं येता-जाता त्या बाकांकडे बघून जातो.

आता खिशातल्या पैशाबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये तुमचे स्वतःचे चार-साडेचार हजार गेले. माझेही जायचे. दहावीच्या परीक्षेची फी, कुणाचा चष्मा, प्रिंटरची शाई, फिनेल. सहा-सात वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, सांगणं मला बरं वाटायचं नाही. मग एका वर्षी समितीत कार्यालयीन खर्चाची तरतूद वाढवायची मागणी केली. एका सदस्यांनी मागची पुस्तकं उघडून विचारलं, "मॅडम, दरवर्षी एवढ्यात भागतंय की, आता का वाढ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतःच शाळेचा खरा खर्च लपवला होता. माझ्या पैशामुळे शाळा कागदावर स्वस्त दिसत होती, आणि माझ्यानंतर येणाऱ्याला तेवढ्याच पैशात भागवावं लागलं असतं.

त्या दिवसापासून एक नियम केला: कुणीही, मुख्याध्यापिकेनंही, खिशातून दिलं तर ती देणगी म्हणून जमा होणार, पावती फाटणार, आणि खर्च त्या-त्या बाबीवर पडणार. शिक्षकांनाही हेच सांगितलं. कळलं तेव्हा धक्का बसला. आमच्या एक बाई तीन वर्षं प्रयोगशाळेचं रसायन स्वतः आणत होत्या. वर्षअखेरीला जमाखर्चात दोन रकाने पहिल्यांदा शेजारी शेजारी आले, मिळालेलं अनुदान आणि प्रत्यक्ष लागलेला पैसा. पुढच्या प्रत्येक विनंतीपत्राला मी तेच पान जोडलं.

मुलाच्या फीबद्दल एकच सांगते, वर्गात नाव घ्यायचं नाही. यादी वाचायची नाही, उभं करायचं नाही, डायरीत लाल शाईनं लिहायचं नाही. पालकांना फोन करा. बोर्डाचे फॉर्म भरायच्या महिनाभर आधी वर्गशिक्षकांकडून अंदाज घ्या, म्हणजे विलंब शुल्काची वेळ येत नाही. आणि आठवीच्या वर्गशिक्षकांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा मनावर घ्यायला लावा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल उत्तीर्ण होऊन निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये त्याच्या खात्यात येतात. आमच्यासारख्या वस्तीत महिना हजार रुपये म्हणजे मुलीचं शिक्षण चालू राहणं की थांबणं, एवढा फरक. मी त्यासाठी शनिवारी जादा तास ठेवत असे, आणि उत्पन्नाचे दाखले ऑगस्टमध्येच काढून घ्यायला सांगत असे.

बाहेरून मदत मागायची वेळ येतेच. पुण्यात ती मिळतेही, पण मागताना डोकं शांत ठेवावं लागतं. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. त्यामुळे हिंजवडीहून, खराडीहून लोक येतात, मनापासून येतात. पण त्यांना शनिवारी येऊन भिंत रंगवायची असते, आणि आपली ड्रेनेज लाइन तुंबलेली असते. एका कंपनीनं आम्हाला पंधरा संगणक दिले. फार छान कार्यक्रम झाला. दोन वर्षांत यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या, बदलायला पैसे नव्हते, आणि त्या खोलीला कुलूप लागलं. चूक आमची होती, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक देणाऱ्याला एकच प्रश्न विचारत असे, "तिसऱ्या वर्षी हे कोण चालवणार?" पत्रातच तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च मागा. नाही म्हणाले तर वस्तू लहान घ्या, पण चालणारी घ्या. पत्र एका पानाचं असावं. गरज काय, एक फोटो, तीन दरपत्रकं, आणि त्याविना किती मुलांचं काय अडतंय, एवढंच. शाळेचा इतिहास लिहू नका, तो कुणी वाचत नाही.

गणेश मंडळांकडे जायचं असेल तर आषाढात जा. गणपती बसल्यावर त्यांचा सगळा हिशेब ठरलेला असतो. आमच्या भागातल्या मंडळातली निम्मी मुलं आमचीच माजी विद्यार्थी. एका वर्षी त्यांनी देखाव्याचा खर्च कमी करून पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण यंत्र दिलं. फिल्टर बदलायची जबाबदारीही घेतली, कारण मी ती मागितली.

माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा भरवून मोठी रक्कम गोळा करण्यापेक्षा महिना शंभर रुपये देणारे साठ जण मिळवा. तळेगावचा काच कारखाना पैसा फंडातून उभा राहिला, माणशी एक पैसा गोळा करून. आमच्या निधीचं नावही मुलांनी तेच ठेवलं. महिन्याला सहा हजार येतात आणि ते दर महिन्याला येतात. शाळेला एकरकमी लाखापेक्षा हे बरं, कारण आपली बिलं महिन्याची असतात. मात्र पैसा संस्थेच्याच खात्यात, संस्थेच्याच पावतीवर. मुख्याध्यापकाचा स्वतःचा क्यूआर कोड कधीही, अगदी अडचणीतसुद्धा, देऊ नका. करसवलतीचं प्रमाणपत्र देणार असाल तर संस्थेची 80जी नोंदणी चालू आहे का बघा, आणि 2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सवलत नसते हे देणाऱ्याला आधीच सांगा. आणि प्रवेशाच्या वेळी देणगीचा 'द' सुद्धा काढायचा नाही. शिक्षण हक्क कायद्यात त्याला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. पण दंडाचं सोडा, त्या क्षणी पालकाच्या मनातून शाळा उतरते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची मूळ नोंद असलेली वही, कुठल्या मजल्यावर आहे? 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमचं तळमजल्यावरचं कार्यालय कमरेएवढ्या पाण्यात होतं. दुसऱ्या दिवशी वस्तीतली घरं वाहून गेलेली, मुलं कुठे आहेत ते शोधण्यात दिवस गेला. संध्याकाळी कपाट उघडलं तर खालच्या दोन कप्प्यांतली रजिस्टरं चिखलानं फुगलेली. वरच्या वर्गांत दोऱ्या बांधल्या, एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवलं. ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता त्या आया येऊन पानांत टिपकागद घालत बसल्या. 1960 आणि 70 च्या दशकांतली शाई काही ठिकाणी उतरली ती उतरलीच. त्या रजिस्टरातली एक ओळ म्हणजे कुणाची तरी जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव. चाळीस वर्षांनी माणूस ती मागायला येतो. कपाट वर हलवायला मजुरीचे सहाशे रुपये लागले असते. ते आम्ही पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवले होते. तुम्ही या आठवड्यात हलवा, आणि सुट्टीत प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

राहिली कमान. संस्थाचालकांशी भांडू नका, त्यांनाही शाळेचं प्रेम आहे. पन्नास वर्षं झाली, काहीतरी दिसावं असं वाटणारच. माझ्या संस्थेला पंचाहत्तरीला सभागृहाला ग्रॅनाइट बसवायचा होता. मी सभेत 'मुली', 'आरोग्य' असलं काही बोलले नाही. तीन कागद घेऊन गेले: तीन महिन्यांच्या शुक्रवारच्या हजेरीचा तक्ता, स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीची तीन दरपत्रकं, आणि ठरावाचा मसुदा. त्या मसुद्यात लिहिलं होतं की नूतनीकरण केलेल्या स्वच्छतागृह-संकुलाला अमृतमहोत्सवी फलक लावावा आणि देणगीदारांची नावं त्यावर कोरावीत. अध्यक्षांनी तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "हे शुक्रवारचंच का?" मी ते सांगितलं. ग्रॅनाइट पुढच्या वर्षावर गेला.

तुमच्या शाळा समितीची बैठक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे म्हणता. विषयपत्रिका सात दिवस आधी जाते, त्यामुळे विषय लेखी द्यायला वेळ आहे. तोवर हजेरीपट उभे वाचून ठेवा. प्लंबरला टाकीपाशी उभं करून दरपत्रक घ्या, फोनवर घेऊ नका. फोनवर सांगितलेल्या आकड्यात पाइप धरलेला नसतो.